गोठ्यातलं लुगडं

सासू गेली त्या संध्याकाळी मी तिचं लुगडं नेसून गोठ्यात गेले. हौस म्हणून नाही. म्हैस दूध देईना म्हणून.

ज्यांनी म्हशी पाळल्या नाहीत त्यांना हे खुळेपणाचं वाटेल. ज्यांनी पाळल्या त्यांना माहीत आहे. धार काढणारी बाई बदलली की काही म्हशी पान्हा चोरतात, म्हणजे कासेत दूध असून खाली सोडत नाहीत. मग नव्या बाईनं जुन्या बाईचं लुगडं अंगाला गुंडाळायचं आणि बसायचं. म्हैस हुंगते, डोळे अर्धे मिटते आणि सोडते. बायको बाळंतपणाला गेली की मिशीवाले बापये लुगडं गुंडाळून धारेला बसलेले मी माहेरी पाहिलेत. आम्ही पोरी कुडाआडून हसायचो. म्हैस हसत नाही. तिला कोण आत आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

आमचा गोठा कल्याणच्या कडेला, विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होता. आधी ते गाव होतं, मग त्याचा वॉर्ड झाला. एका बाजूला आमचं बैठं घर, दुसऱ्या बाजूला बिल्डिंगा, आणि मध्ये तळं अजून उरलेलं. म्हशी सात-आठ असायच्या. त्यातली सगळ्यात जुनी जी होती तिला आम्ही पुढची म्हणायचो, कारण ती पुढे चालायची. दुसरं नाव तिला कोणी ठेवलं नाही.

लोक म्हणतात, म्हैस मठ्ठ. माझं मत असं की तिला आपल्याशी बोलायची गरज पडत नाही. त्यांचं त्यांच्यात सगळं ठरलेलं असतं. गोठ्याच्या दारातून आधी पुढची, मग तिच्या पाठची, मग तिच्या पाठची, असा एक क्रम असतो. एखादी तरणी वगार मध्ये घुसली तर पुढची मागे वळूनही बघायची नाही. पाठची म्हैसच तिला बरगडीत शिंग लावायची, जोरात नाही, समजेल एवढं. तळ्यात बसायच्या जागा ठरलेल्या. मधोमध, जिथं खाली गार चिखल, तिथं पुढची. बाकीच्या तिच्या भोवतीनं, पण सगळ्या एकाच दिशेला तोंड करून कधी नाही. एक रस्त्याकडे बघणार, एक बिल्डिंगांकडे, एक झुडपाकडे. त्यामुळे कुठूनही कुत्रं आलं तरी कोणाला तरी दिसायचंच. दोघींची मैत्री असेल तर त्या शेजारी बसणार आणि एकमेकींची मान चाटणार. त्यांतली एक विकली तर दुसरी दोन-चार दिवस हंबरणार, खाणार नाही. मग तिच्या जागेसाठी उरलेल्यांत शिंगाला शिंग लागणार, जी जिंकेल ती त्या जागेवर बसणार, आणि गेलेली कधी होती की नव्हती असं होणार. रेडा आमच्याकडे नव्हता. लागेल तेव्हा आणायचो. आला की तो एका कडेला उभा. त्याला कोणी काही विचारायचं नाही. गोठा बायकांचा असतो.

घरही तसंच होतं. मी साठीला आले होते, मुलाचं लग्न झालं होतं, तरी मी सूनच होते. पुढचीची धार सासू काढायची. बाकीच्या मी. पण त्यातही एक गोम होती. पुढचीची पहिली धार चरवीत वाजल्याशिवाय बाकीच्या एकही पान्हा सोडायच्या नाहीत. मी खाली बसलेली असायचे, हात सडाला, आणि वाट बघायचे, कधी सासू तिकडे सुरू करतेय. एक पुढची जाऊन दुसरी आली, तरी चाळीस वर्षं मी अशी वाट बघितली. एकदा म्हटलं होतं, "आई, एक दिवस मला काढू द्या पुढचीची." तेव्हा सासू म्हणाली, "मी मेल्यावर काढ." यात राग नव्हता. ती तशीच बोलायची.

मग ती मेली. ताप आला, कल्याणच्या एका दवाखान्यात ठेवली, तिथून परत आली ती गाडीतून झाकून. अंगणात निजवली. गोठ्याचं दार समोरच उघडं होतं. म्हशी रवंथ करत होत्या. एकीनंही मान वळवली नाही.

माझी नणंद ठाण्याहून आलेली. टेंभी नाक्याजवळ राहते, तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ. ती रडता रडता म्हणाली, "बघ गो वहिनी, जिनं जन्म घालवला यांच्यापाठी, तिच्याकडे ढुंकून बघत नाय."

मला तेव्हाच कळलं होतं, पण मयताच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं. सासूच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता, स्पिरिटचा आणि फिनेलचा. म्हशींच्या लेखी अंगणात कोणीतरी परकी बाई निजली होती. सासू अजून आलीच नव्हती.

माणसं स्मशानातून परत आली तेव्हा धारेची वेळ टळून गेली होती. मी गोठ्यात गेले तर सगळ्यांच्या माना दाराकडे. मी आत शिरले, तरी माझ्या पाठीमागे बघत राहिल्या, जणू मी दारातला खांब. पुढचीखाली बसले. तिनं मला हुंगलं आणि पायानं चरवी उडवली. परत बसले, परत उडवली. कास दगडासारखी झालेली. मग बाकीच्यांकडे गेले. त्यांनी लाथ मारली नाही, पण थेंब सोडला नाही.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, डोकं भादरलेले दारात उभे होते. म्हणाले, "सकाळपर्यंत असंच राहिलं तर सड बसतील, दूध आटेल. मग पुढची भाकड. मग द्यावी लागेल व्यापाऱ्याला."

"आणि ती गेल्यावर बाकीच्या कोणाच्या मागे चालतील?" मी म्हटलं.

"ते मला काय विचारतेस. आईला विचार." असं बोलून गेले, मग त्यांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

नणंद मागून आली. "वहिनी, आईचं लुगडं नेस."

"आज? अजून राख गरम आहे."

"मग म्हशीला सांग, आम्हाला सुतक आहे, तेरावं होईपर्यंत थांब."

आमच्यात माणूस गेलं की त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. अंगावरचं अंगाबरोबर गेलं होतं. पेटीतल्या साड्यांचं बोचकं बांधून पुतण्यांनी दुपारीच नेलं होतं. पण गोठ्यातलं लुगडं खुंटीवर तसंच होतं. ते कधी काळी हिरवं होतं. शेण, पेंड, दूध आणि सासूची मिश्री, सगळं त्यात मुरलेलं. ते कपड्यांत मोडतं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी गाऊनवरून ते गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि पुढचीखाली बसले.

तिनं पदर हुंगला. लांब श्वास घेतला. तिच्या पोटात काहीतरी सैल झालेलं मला कपाळाला जाणवलं, कारण धारेला बसताना मी कपाळ तिच्या कुशीला टेकवलं होतं. सासू तशी टेकवायची. मी कधी टेकवत नसे. मग धार चरवीत वाजली, आणि पाठीमागे सगळ्या म्हशींनी एकदम पाय बदलले.

दूध सुतकाचं म्हणून कोणी नेलं नाही. कुत्र्यांना आणि रेडकांना घातलं. पण पुढची वाचली.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी कोणापासून लपवली नाही. मला माझ्या साडीत बसून पुढचीची धार काढायची होती. हे लहान मागणं वाटेल. चाळीस वर्षं वाट बघितलेल्या बाईला ते लहान नव्हतं. सासू मेल्यावर काढ म्हणाली होती. मेली. आता माझी पाळी होती, आणि पाळी आली ती तिच्याच लुगड्यात.

मी काही दिवसांनी करून बघितलं. माझी फुलाफुलांची साडी नेसून गेले. पुढचीनं माझ्याकडे बघितलंही नाही. दाराकडे बघितलं. मी बाहेर आले, लुगडं गुंडाळलं, परत गेले. तेव्हा मान खाली घातली.

नुसतं लुगडं पुरत नव्हतं. तळ्यावर नेताना मी पुढे चालले की म्हशी थांबायच्या. सासू पुढचीच्या डाव्या बाजूनं, जरा मागे चालायची, आणि जिभेनं च्यक च्यक करायची. मी डावीकडे गेले, च्यक च्यक केलं. निघाल्या. बिल्डिंगच्या गेटवरचा वॉचमन नवीन होता, त्यानं सासूला फार तर महिनाभर पाहिलेलं. तो मला म्हणाला, "आजी, बरं वाटतंय का आता? दवाखान्यात होता म्हणे." मी हो म्हटलं. काय सांगणार.

सून त्या वर्षी नवीनच आलेली. डोंबिवलीची, फ्लॅटमध्ये वाढलेली. हसली की सगळे दात दिसायचे, पांढरेशुभ्र, आणि ती पुष्कळ हसायची. गोठ्याच्या आसपास फिरकायची नाही. एकदा मी धार काढून आले आणि ओट्याशी टेकले, तर किंचाळली.

"काय झालं?"

"काय नाय आई. मागनं तुम्ही... काय नाय."

"बोल."

"आजीसारख्या दिसलात." मग स्वतःच हसली. "आता आजीच झालात ना तुम्ही. आम्हाला कोणाला तरी ओरडायला पायजेच."

मी ओरडत होते, हे खरं. आधी मी घरात फार बोलत नसे. आता कोणी पेंड सांडली, कोणी दावं नीट बांधलं नाही, की माझ्या तोंडातून यायचं, "डोळे काय गहाण टाकलेस?" हे सासूचं वाक्य. मला ते कधी आवडलं नव्हतं.

थंडी संपत आली तसा लुगड्याचा वास उतरायला लागला. पुढची जास्त वेळ हुंगायची, उशिरा सोडायची. नणंद सुट्टीला आली होती, तिला सांगितलं. तिनं लुगडं नाकाशी नेलं. "मिश्रीचा वास गेलाय. आई दिवसातनं चारदा लावायची. थोडी पदराला चोळ."

मी आयुष्यात मिश्री लावली नव्हती. डबी आणली, चिमूट घेऊन पदराला चोळली. काम झालं. मग रोज चोळायला लागले. मिश्री बोटाला लागते. बोट कधीतरी तोंडात जातं. पहिल्यांदा गरगरलं, ओटीवर बसून राहिले. दुसऱ्यांदा गरगरलं नाही. उन्हाळा लागेपर्यंत माझ्या कनवटीला डबी असायची. म्हशीसाठी घेतलेली, असं मी स्वतःला सांगायचे.

एका दिवेलागणीला मी नळाशी चरव्या विसळत होते. लुगडं अंगावर, पदर डोक्यावर. हे कामावरून आले, दमलेले, पायरीवर टेकले आणि म्हणाले, "आई, पाणी दे गं."

मी तांब्या भरून दिला. त्यांनी सगळं पाणी प्यायलं. मग वर बघितलं. तांब्या अगदी हळू खाली ठेवला.

"मी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या दारानं यायला लागले, गोठा टाळून. मलाही आरशात बघायचं तेव्हा आधी पदर उतरवायची सवय लागली होती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझ्या माहेरी प्रत्येक झाडावर काही ना काही बसलेलं असायचं, मी लहानपणापासून त्या झाडांखालून एकटी जायचे. मेलेलं माणूस परत येत नाही. पण त्याची जागा रिकामी राहिली तर म्हशी ती कोणाला तरी लावून भरून घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त माणसाच्या बाबतीत पाहिलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात तळं बुजवायला घेतलं. एका कडेनं डंपर माती टाकत यायचे. पाणी रोज थोडं आखडायचं, आणि म्हशी तेवढ्याच. ठरलेल्या जागा उरल्या नाहीत. रस्त्याकडे बघणारी आता बिल्डिंगकडे बघणारीच्या अंगावर. कधी न भांडणाऱ्या मैत्रिणी एकमेकींना शिंग लावायला लागल्या. पुढची तेवढी मधोमध. मध्य रोज सरकत होता, तीही रोज सरकून बसायची.

एक दुपार. रेडकू गाळात रुतलं म्हणून मी गुडघाभर पाण्यात उतरले होते. त्या दिवशी माती खेचणारं पिवळं मशीन आमच्याच काठाला आलं, म्हशींच्या वाटेवर, आणि पाठीमागून डंपर भोंगा वाजवत मागे येत होता. पुढची उठली. तिनं नाकातून एकदाच फुर्र केलं. बाकीच्या सगळ्या उठल्या आणि काही कळायच्या आत रेडकांना मध्ये ढकलून त्यांनी कडं केलं, तोंडं बाहेर, शिंगं बाहेर. कुत्र्यांचा घोळका आला की त्या असं करायच्या. मी काठावरून पाहिलेलं होतं. या वेळी मी आत होते.

बिल्डिंगमधल्या कोणीतरी मोबाइलवर ते घेतलं. पुढे लोक मला दाखवायचे, बघा आजी, म्हशींनी तुम्हाला कसं वाचवलं. लांबून ते छान दिसत असेल. आतून काही छान दिसत नाही. आतून पुठ्ठे दिसतात आणि शेपट्या दिसतात. वाफ येते. कोणी एक पाऊल मागे टाकलं तर आपण चिरडणार, हे समजतं. आणि एक गोष्ट समजते, की यांनी आपल्याला आत घेतलंय. मला तिथं जी भीती वाटली ती मशीनची नव्हती. मी मनात म्हटलं, बाई, तुला नाही घेतलेलं. तिला घेतलंय.

एक रेडकू लुगड्याचा सोगा तोंडात धरून चोखत होतं.

मशीनवरचा माणूस ओरडला, "आजी, बाहेर या, मारतील त्या."

"त्या नाही मारत. तू आधी ते बंद कर."

त्यानं बंद केलं. आवाज थांबला तशी पुढची निघाली, तिच्या पाठची निघाली, कडं एका बाजूनं उलगडत गेलं, ओळीनं, घाबरलेल्या असूनही क्रम न मोडता. सोगा कोणाच्या तरी खुराखाली होता. लुगडं माझ्या अंगावरून फरफटत गेलं आणि मी गाळात बसले. उठले तेव्हा ते पाण्यावर पसरलं होतं, मधोमध, पुढचीच्या जागेवर.

"काढून देऊ का?" तो माणूस म्हणाला. मुलगा चांगला होता.

"राहू दे."

मी काठावर उभी राहिले. डंपर मागे आला, माती पडली. लुगडं आधी एका कोपऱ्यानं खाली गेलं, मग सगळं. मला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. मी संध्याकाळच्या धारेचा विचार करत होते.

संध्याकाळी मी गाळ भरलेल्या गाऊनमध्ये तशीच गेले. आंघोळ केली नाही, म्हटलं, काय होईल ते होऊ दे. पुढचीनं माझे पाय हुंगले, हात हुंगले. मग मान वर करून माझं तोंड हुंगलं, इतकं जवळून की तिचं ओलं नाक माझ्या ओठांना लागलं. मी खाली बसले. कपाळ टेकवलं. तिनं दूध सोडलं.

म्हटलं, गाळामुळे असेल. सकाळी साबण लावून आंघोळ केली, फुलाफुलांची साडी नेसले, केस विंचरले, आणि गेले. सोडलं. पाठीमागे सगळ्यांनी सोडलं. मी त्या दिवशी घरात शिरा केला. कारण कोणाला सांगितलं नाही. यांनी दोनदा वाढून घेतला, आणि संध्याकाळी पुढच्या दारानं आले.

मला वाटलं, संपलं.

तळं गेलं, मग गोठ्याची जागाही गेली. आम्ही टिटवाळ्याला आलो, नदीच्या बाजूला, जिथं अजून म्हशी बांधलेल्या कोणाला खटकत नाहीत. टेम्पोत चढवताना पुढचीला आधी चढवली, मग बाकीच्या आपोआप चढल्या. नव्या गोठ्यात सासूचा पाय कधी पडला नव्हता. तिथली खुंटीही नवी. त्या खुंटीला माझी फुलाफुलांची साडी लागली, गोठ्यात नेसायची म्हणून वेगळी ठेवलेली. पुढचीची धार मी काढायचे. चांगली काही वर्षं काढली. ती म्हातारी झाली तरी एकदा व्याली, आणि चालताना अजून पुढेच होती. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे ती चांगली होती.

मग माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठाण्याला केलं. डॉक्टर म्हणाले, धूळ नको, वाकायचं नाही, गोठ्याचं नावही काढू नका. म्हणून मी नणंदेकडे राहिले, टेंभी नाक्याला. तिनं पहिल्याच दिवशी माझी डबी काढून घेतली. "माझ्या घरात मिश्री नाय चालणार. बेसिन काळं होतं."

"तूच लावायला सांगितलंस."

"पदराला सांगितलेलं. तोंडाला कोणी सांगितलेलं?"

मी तिथं डोळ्याला चष्मा लावून बसले आणि खालच्या रस्त्यावरचे ढोल ऐकले. मिश्री सुटली. आधी जीव कासावीस झाला, मग सवय झाली. घरून फोन यायचे. मी एकच विचारायचे, पुढची सोडतेय का. मुलाची नोकरी पाळीची, यांच्या बोटांत जोर उरलेला नाही. फोनवर सून म्हणायची, "आई, तुम्ही काळजी करू नका. सोडतेय." कोण काढतंय, हे मी विचारलं नाही. यांनी शेजारचा गडी लावला असेल असं धरून चालले.

परत आले ती संध्याकाळची वेळ होती. पिशवी ओटीवर टाकली आणि सरळ गोठ्यात गेले. सगळ्यांच्या माना दाराकडे होत्या. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "काय गं."

पुढचीनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या पाठीमागे बघितलं. मी जवळ गेले, हात पुढे केला. तिनं हुंगला आणि मान झटकली. माझ्या हाताला साबणाचा, डोळ्याच्या औषधाचा, नणंदेच्या घराचा वास. मी खांब झाले होते.

तेव्हा मागून च्यक च्यक आवाज आला.

सून होती. माझी फुलाफुलांची साडी ड्रेसवरून गुंडाळलेली, पदर डोक्यावर, हातात चरवी. मला तिथं बघून थबकली. पण म्हशींनी पाय बदलले होते, वेळ झाली होती. ती माझ्या बाजूनं गेली, पुढचीखाली बसली, तिच्या कुशीला कपाळ टेकवलं. हे तिला कोणी शिकवलं, मी तर नाही. पुढचीनं डोळे अर्धे मिटले. चरवीत धार वाजली, आणि मग सगळीकडे.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आमच्या अंगणात झाकून आणलेली सासू मला आठवली, आणि तिच्याकडे न बघता रवंथ करणाऱ्या म्हशी. आता मला कळलं की तिकडून ते कसं दिसतं.

धार झाल्यावर सून उठली. "आई, रागावू नका. पहिल्या दिवशी लाथच मारली हिनं. मग आत्यांना फोन केला, त्यांनी सांगितलं साडी नेस. तरी हुंगतच नव्हती. मग तुमची दुसरी डबी होती ना फळीवर, त्यातली जराशी चोळली."

"पदराला?"

"हो ना."

"च्यक च्यक कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. आपोआप यायला लागलं." मग म्हणाली, "आई, तुम्ही आलात आता. पण मला एकदा माझ्या ड्रेसमध्ये काढायचीय हिची धार. ही साडी उतरवून. होईल ना?"

तिच्या डोळ्यांत खरंच विचारणं होतं. हे मला माहीत असलेलं विचारणं होतं. "मी मेल्यावर काढ," हे माझ्या तोंडात आलं होतं, जिभेवर. ते मी गिळलं.

"होईल," मी म्हटलं. "वेळ लागेल. ही ठरवेल. फक्त एक कर. मिश्री पदरालाच लाव. तोंडाला लावू नकोस."

ती हसली. एरवी हसली की सगळे दात दाखवणारी पोरगी, त्या दिवशी ओठ मिटून हसली. चरवी उचलली आणि माझ्या पुढून घरात गेली.